रोजी आणि ईमान : एका खेळाडूच्या आयुष्याने उभा केलेला प्रश्न

वाचकहो, माणसाची परीक्षा केव्हा होते, असे कोणी विचारले तर आपण सहसा संकटांची नावे घेतो. आजारपण, मृत्यू, पूर, दंगल, व्यापारातील बूड. या परीक्षा खऱ्याच आहेत आणि भय, भूक, धनहानी व प्राणहानी यांनी माणसाला पारखले जाईल, हे दिव्य कुरआनने सूरह अल-बकरामध्ये स्पष्टपणे बजावले आहे. परंतु एक परीक्षा अशीही आहे की जिला आपण परीक्षा म्हणून ओळखतच नाही. ती दर महिन्याच्या पगाराबरोबर निमूटपणे आपल्या घरात येते. जे काम करून हा पैसा आला ते काम करताना माझ्या अंतःकरणाने मला अडविले होते काय? अडविले असेल, तर मी काय केले?

रोजी आणि ईमान समोरासमोर उभे राहिले, तर माणसाने काय करावे? आणि जो काही निर्णय त्याने घेतला, तो योग्य होता की अयोग्य, हे कशावरून ठरवावे? या प्रश्नाचा विचार एका अशा माणसाच्या जीवनाच्या आधारे करू, जो आपल्या मौलवींपैकी नाही, विद्वानांपैकी नाही. तो एक निवृत्त बास्केटबॉलपटू आहे.

बास्केटबॉल हा खेळ आपल्याला परका नाही. मुंबईच्या नागपाड्यात या खेळाची जुनी आणि अभिमानास्पद परंपरा आहे. तेथील मैदानांवर घडलेले गुलाम अब्बास मुंतसिर हे भारतीय संघाचे कर्णधार झाले आणि १९७० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना लाभला. मीरा रोड व भाईंदर येथे आज राहणाऱ्या कितीतरी मुस्लिम कुटुंबांची मुळे नागपाडा, मदनपुरा, डोंगरी या वस्त्यांत आहेत. अशा घरांतील वडीलधाऱ्या मंडळींना संध्याकाळच्या त्या सामन्यांची आठवण असेल.

या खेळात पाच जणांच्या संघात एक जागा असते, तिला पॉइंट गार्ड म्हणतात. हा बहुधा संघातील सर्वांत ठेंगणा खेळाडू असतो. चेंडू पुढे आणणे, मैदानावर कोण कोठे मोकळा आहे हे ओळखणे आणि क्षणार्धात त्याच्या हाती चेंडू देणे, हे त्याचे काम. टोपलीत चेंडू टाकणाऱ्याच्या नावावर गुण लागतात. पण ज्याने तो चेंडू योग्य हाती दिला त्याच्या नावावरही एक नोंद होते. तिला असिस्ट म्हणतात, म्हणजे साहाय्य. वाचकांनी ही नोंद लक्षात ठेवावी. पुढे तिची गरज पडणार आहे.

ज्या पॉइंट गार्डविषयी आपण बोलत आहोत त्यांचे नाव महमूद अब्दुल रऊफ. ९ मार्च १९६९ रोजी अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील गल्फपोर्ट या गावी एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला, तेव्हा त्यांचे नाव ख्रिस जॅक्सन असे होते. वडिलांचे छत्र नव्हते. आईने एकटीने तीन मुले वाढविली. लहानपणापासून या मुलाचे अंग अनावरपणे झटके देई, तोंडून आपोआप आवाज निघत, आणि एखादी कृती मनासारखी होईपर्यंत ती पुन्हा पुन्हा करावी लागे. बुटाची नाडी बांधली तरी ती ‘बरोबर’ बसेपर्यंत सोडायची आणि पुन्हा बांधायची. टूरेट सिंड्रोम नावाचा हा विकार आहे, हे त्यांना सतराव्या वर्षी कळले. तोवर लोकांचे हसणे सोसणे हाच उपाय होता.

परंतु याच विकाराने त्यांना तासन्‌तास एकच फेक घोटण्याची सवय लावली. ती सवय एवढी भिनली की लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटीत पहिल्याच वर्षी त्यांनी दर सामन्यामागे सरासरी तीस गुण मिळविले. १९९० साली एनबीए या जगातील सर्वांत श्रीमंत बास्केटबॉल संघटनेच्या निवडीत ते तिसऱ्या क्रमांकावर निवडले गेले आणि डेन्व्हर नगेट्स या संघात दाखल झाले. फ्री थ्रो म्हणून जी फेक असते, तीत समोर अडविणारा कोणी नसतो. खेळाडू, टोपली आणि त्याचे मन, एवढेच असते. १९९३-९४ च्या हंगामात त्यांनी अशा २२९ फेकांपैकी २१९ यशस्वी केल्या. अडविणारा कोणी नसताना माणूस काय करतो, याची ती जणू मोजणीच होती.

या दरम्यान त्यांच्या जीवनात मोठे परिवर्तन घडले. युनिव्हर्सिटीत असताना त्यांच्या प्रशिक्षकांनी त्यांना माल्कम एक्स यांचे आत्मचरित्र वाचावयास दिले होते. त्या वाचनाने प्रश्न जागे झाले, प्रश्नांनी अभ्यासाकडे नेले आणि १९९१ साली त्यांनी इस्लामचा स्वीकार केला. १९९३ मध्ये त्यांनी कायदेशीररीत्या नाव बदलले. त्याच वर्षी सर्वाधिक प्रगती करणाऱ्या खेळाडूचा एनबीएचा पुरस्कारही त्यांना मिळाला. नवा धर्म, नवे नाव, उंचावत जाणारी कीर्ती आणि वर्षाला सुमारे २६ लाख डॉलर वेतन, असे सर्व काही अनुकूल होते.

आता त्या प्रसंगाकडे वळू. अमेरिकेत प्रत्येक सामन्यापूर्वी राष्ट्रगीत होते आणि खेळाडूंनी रांगेत उभे राहावे असा एनबीएचा नियम आहे. १९९५-९६ च्या हंगामात अब्दुल रऊफ त्या वेळी रांगेत उभे राहत नसत. कधी आत खोलीत थांबत, कधी बाकावर बसून राहत. त्यांचे म्हणणे असे होते की कृष्णवर्णीयांवर झालेला अन्याय आणि दडपशाही यांचेही ते चिन्ह आहे, आणि न्यायाची साक्ष देण्याचा आदेश मानणाऱ्या माणसाला त्यापुढे उभे राहणे जमत नाही. ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की याची त्यांनी कोठेही घोषणा केली नाही. पत्रकार परिषद घेतली नाही. अनेक महिने कोणाच्या लक्षातही आले नाही. लक्षात आले तेव्हा पत्रकारांनी विचारले आणि त्यांनी जे खरे होते ते सांगितले.

१२ मार्च १९९६ रोजी एनबीएने त्यांना निलंबित केले. निलंबनाच्या प्रत्येक सामन्यामागे ३१,७०७ डॉलर जाणार होते. देशभर संताप उसळला. डेन्व्हरमधील एका रेडिओ केंद्राचे कर्मचारी तर तेथील मशिदीत शिरले आणि त्यांनी आत राष्ट्रगीताची धून वाजविली. निलंबन एकाच सामन्यापुरते राहिले, कारण दोनच दिवसांत मार्ग निघाला : अब्दुल रऊफ रांगेत उभे राहतील, मात्र त्या वेळी हात उचलून आणि मान लववून पीडितांसाठी दुआ करतील. त्यानंतर शिकागोच्या मैदानावर हजारो लोकांच्या हुर्योमध्ये ते उभे राहिले आणि त्यांनी दुआ केली.

वाद मिटला, पण किंमत चुकवायची बाकी होती. त्या हंगामात संघातील सर्वाधिक गुण मिळविणाऱ्या आणि ८२ पैकी ७२ सामने जिंकणाऱ्या शिकागो बुल्सविरुद्ध ३२ गुण करून डेन्व्हरला विजय मिळवून देणाऱ्या या खेळाडूला संघाने त्याच उन्हाळ्यात सॅक्रामेंटोला देऊन टाकले. तेथे खेळण्याची संधी कमी कमी होत गेली. १९९८ मध्ये करार संपला तेव्हा वय एकोणतीस होते, म्हणजे खेळाडूच्या ऐन बहराचे. पण एनबीएतील कोणत्याच संघाने त्यांना घेतले नाही. ते तुर्कस्तानात खेळावयास गेले. २०००-०१ मध्ये व्हँकुव्हरच्या संघात थोडे सामने मिळाले आणि एनबीएचे दार कायमचे बंद झाले. २००१ मध्ये मिसिसिपीतील त्यांचे घर आगीत भस्मसात झाले. पुढे रशिया, इटली, ग्रीस, सौदी अरेबिया असे देश फिरत शेवटी जपानमध्ये त्यांची व्यावसायिक कारकीर्द २०११ च्या सुमारास संपली.

येथे थांबून आपण नैतिक प्रश्न विचारला पाहिजे : त्यांनी केले ते बरोबर होते काय?

प्रामाणिकपणे सांगावयाचे तर याविषयी मुसलमानांतही एकमत नव्हते. त्याच काळी एनबीएत हकीम ओलाजुवान हे कीर्तिमान आणि नमाज-रोजाचे पाबंद खेळाडू होते. त्यांना राष्ट्रगीताच्या वेळी उभे राहण्यात इस्लामविरोधी असे काही वाटत नव्हते. आपल्या देशाचा विचार केला, तर आपण राष्ट्रगीताला आदराने आणि प्रेमाने उभे राहतो. त्यात आपल्या ईमानाला बाधा येत नाही. अब्दुल रऊफ यांची भूमिका त्यांच्या समाजाच्या गुलामगिरीच्या इतिहासातून आली होती. तो इतिहास आपला नाही आणि ती भूमिका आपल्यावर बंधनकारक नाही.

तथापि एक तुलना बोधप्रद आहे. केरळमधील तीन शाळकरी भावंडांना १९८५ साली शाळेतून काढण्यात आले, कारण ती राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, परंतु आपल्या ख्रिस्ती पंथाच्या श्रद्धेमुळे ते गात नसत. बिजो इमॅन्युएल खटला या नावाने हे प्रकरण प्रसिद्ध आहे. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की आदराने उभे राहिल्यावर अनादर झाला असे म्हणता येत नाही, आणि मुलांना शाळेत परत घेण्यास सांगितले. म्हणजे श्रद्धाही राहावी आणि इतरांचा आदरही राहावा, असा मार्ग शोधल्यास सापडतो, हे आपल्या न्यायालयाने डेन्व्हरच्या दहा वर्षे आधी दाखवून दिले होते. अब्दुल रऊफ अखेरीस ज्या ठिकाणी पोहोचले ते ठिकाण याहून फार दूर नव्हते.

यावरून एक भेद आपल्या हाती येतो. निर्णयाचा विषय वेगळा आणि निर्णयाची प्रत वेगळी. एखाद्याने ज्या मुद्द्यावर आपले पाऊल रोवले त्या मुद्द्याशी आपण असहमत असू शकतो, आणि तरीही ज्या रीतीने त्याने ते रोवले त्यातून शिकू शकतो. अब्दुल रऊफ यांच्या वागण्याची प्रत मला चार खुणांत दिसते. पहिली, त्यांच्या निर्णयाचे नुकसान त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतले, दुसऱ्या कोणावर ढकलले नाही. दुसरी, त्यांनी त्याचे प्रदर्शन केले नाही, कर्मांचा आधार हेतूवर असतो, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण येथे लागू पडते, कारण लोकांना दाखविण्यासाठी केलेला त्याग महिनोन्‌महिने गुप्त राहत नाही. तिसरी, सन्मान्य मार्ग पुढे आला तेव्हा त्यांनी हट्ट धरला नाही. चौथी, सर्व काही गेल्यानंतरही ते द्वेषाच्या आहारी गेले नाहीत. खेळत राहिले, आपल्या गावी परतून मशिदीची सेवा करीत राहिले, तरुणांशी बोलत राहिले.

तिसऱ्या खुणेविषयी काहींच्या मनात शंका येईल. एकदा ठरविल्यावर उभे राहणे ही माघार नव्हे काय? मित्रहो, हुदैबियाचा करार आठवा. हिजरी सन ६ मध्ये कुरैशच्या प्रतिनिधीने करारपत्रातील ‘अल्लाहचे प्रेषित’ हे शब्द काढून टाकण्याचा आग्रह धरला. आदरणीय उमर (रजि.) यांच्यासारखे सहकारी त्या कराराने व्यथित झाले. परंतु प्रेषितांनी (स.) ते शब्द काढू दिले. शब्द कागदावरून गेले म्हणून प्रेषितत्व गेले नाही. रूप सोडणे आणि सत्त्व सोडणे यांत अंतर आहे. ज्याला हे अंतर कळत नाही तो एक तर प्रत्येक गोष्टीवर भांडतो, नाही तर प्रत्येक गोष्ट सोडून देतो.

आता सर्वांत गंभीर आक्षेप विचारात घेऊ, कारण तो आपल्या घरांतून येतो. ‘ठीक आहे, तो लाखो डॉलर मिळविणारा माणूस. त्याच्या त्यागाच्या गोष्टी आम्हाला कशाला? मीरा रोडच्या दीड खोलीच्या घराचा हप्ता, मुलांची फी, आईची औषधे, चार वाजून काही मिनिटांनी उठून पहिली लोकल गाठणारा घरचा कर्ता. त्याने नोकरी सोडली तर दुसऱ्या महिन्यात चूल कशी पेटेल?’

हा आक्षेप धुडकावून लावणे म्हणजे इस्लामची शिकवण न समजणे होय. ज्यांचे पोषण आपल्यावर अवलंबून आहे त्यांना वाऱ्यावर सोडणे हे माणसाच्या पापासाठी पुरेसे आहे, अशा अर्थाची हदीस आहे. अल्लाह कोणावरही त्याच्या शक्तीपलीकडे भार टाकीत नाही, हे कुरआनचे आश्वासन आहे. मक्केत छळ होत असताना आदरणीय अम्मार बिन यासिर (रजि.) यांच्या तोंडून जबरदस्तीने नको ते शब्द वदविण्यात आले. ते रडत प्रेषितांकडे (स.) आले. त्यांचे अंतःकरण ईमानावर स्थिर होते, म्हणून त्यांना दोष दिला गेला नाही, आणि सूरह अन्‌-नहलमध्ये अशा माणसाला सवलत दिली गेली. दुसरीकडे आदरणीय बिलाल (रजि.) तापलेल्या वाळूवरही एकच शब्द उच्चारीत राहिले. आपण दोघांचाही आदर करतो. विद्वानांच्या भाषेत एक ‘रुखसत’ आहे, म्हणजे सवलत. दुसरी ‘अजीमत’, म्हणजे निर्धार. आपल्या धर्मात दोहोंना जागा आहे.

परंतु सवलतीची सीमा कोठे संपते, याकडे आपले लक्ष जात नाही. अम्मार (रजि.) यांनी जे सोडले ते त्यांचे स्वतःचे होते. त्या शब्दांनी कोणा दुसऱ्याचे घर बुडाले नाही. म्हणूनच फिकहच्या विद्वानांनी सांगितले की जिवाची धमकी मिळाली तरी निरपराध माणसाचा जीव घेण्याची सवलत कोणालाही नाही; कारण माझा जीव त्याच्या जिवाहून मोलाचा नाही. यातून जे तत्त्व निघते ते असे : जसजसे माझ्या तडजोडीचे नुकसान माझ्याकडून सरकून दुसऱ्यावर जाऊ लागते, तसतशी सवलत आखूड होत जाते. नमाजसाठी साहेबांनी वेळ दिला नाही म्हणून मी जोहर उशिराने पण वेळेच्या आत अदा केली, तर तो माझा आणि माझ्या रबचा मामला आहे. तेथे सोय आहे. परंतु साहेबांनी सांगितले म्हणून मी ग्राहकाला खोटे सांगितले, तर मी सोडून दिले ते माझे नव्हते. ते त्या ग्राहकाचे होते. दुसऱ्याच्या हक्काची सवलत मी स्वतःला कशी देणार?

याचे उदाहरण शोधण्यासाठी अमेरिकेला जाण्याची गरज नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील बनावट कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथून अमेरिकेतील नागरिकांना फोन केले जात. आपण तेथील प्राप्तिकर खात्याचे अधिकारी आहोत, तुमचा कर थकला आहे, पैसे भरले नाहीत तर अटक होईल, असे धमकावून त्यांच्याकडून पैसे उकळले जात. सत्तर जणांना अटक झाली आणि शेकडो कर्मचाऱ्यांची चौकशी झाली. हे कर्मचारी म्हणजे सराईत गुन्हेगार नव्हते. बहुतेक विशी-पंचविशीतील मुले-मुली होती, सर्व समाजांतील, साध्या घरांतील, बोलता येणाऱ्या इंग्रजीच्या बळावर महिन्याला काही हजार रुपये मिळविणारी. त्यांच्या हाती एक लिहिलेला कागद होता आणि तो वाचून दाखवायचा होता.

वाचकहो, त्या मुलांपैकी एखाद्याने मनाची कशी समजूत घातली असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. ‘योजना माझी नाही. पैसे माझ्या खात्यात येत नाहीत. मी केवळ कागद वाचतो, फोन पुढे जोडून देतो.’ अशी समजूत केवळ कॉल सेंटरातच चालते असे नाही. इमारतीच्या परवान्यातील खोट ठाऊक असूनही सदनिका दाखविणारा दलाल हेच म्हणतो. खोट्या तारखेवर शिक्का मारणारा कारकून हेच म्हणतो. जुना माल नव्या वेष्टनात भरणारा दुकानातील नोकर हेच म्हणतो. मी केवळ चेंडू पुढे दिला, गुण दुसऱ्याने केला.

आता त्या पॉइंट गार्डची आठवण करा. त्याने चेंडू पुढे दिला आणि दुसऱ्याने टोपलीत टाकला, तरी नोंदवहीत दोघांची नावे लागतात. जे एका खेळाच्या हिशेबनिसाला कळते, ते सर्व काही जाणणाऱ्याला कळणार नाही काय? सूरह अन्‌-निसामध्ये सांगितले आहे की जो चांगल्या कामात मध्यस्थी करील त्याला त्यातील वाटा मिळेल आणि जो वाईट कामात करील त्याला त्यातील. सूरह अल-माइदामध्ये सदाचारात एकमेकांना साहाय्य करण्याचा आणि पाप व अत्याचार यांत साहाय्य न करण्याचा आदेश आहे. साहाय्याची वही वेगळी ठेवली जाते, आणि आपल्यापैकी बहुतेकांचा हिशेब, चांगला असो वा वाईट, त्याच वहीत अधिक भरलेला असेल. कारण मोठी पापे करण्याची ताकद थोड्यांकडे असते. त्यांना हातभार लावण्याची संधी मात्र सर्वांना रोज मिळते.

मग चूल कशी पेटेल, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर एकट्या माणसाकडे नाही. ते घराकडे आणि समाजाकडे आहे.

घराविषयी प्रथम. मुलाला नोकरी लागली की आपण विचारतो, पगार किती? स्थळ पाहताना विचारतो, पगार किती? काम नेमके काय आहे, दिवसभर कोणाशी काय बोलावे लागते, हे किती माता-पित्यांनी विचारले? पूर्वीच्या सज्जनांच्या घरांविषयी असे सांगितले जाते की कामावर निघालेल्या पुरुषाला घरातील स्त्री बजावीत असे की आम्ही उपाशी राहू, परंतु निषिद्ध कमाईचा घास आणू नका. आज आपल्या घरातून निघणाऱ्या मुलाच्या कानावर काय पडते? ज्या घरात पगाराचाच मान आहे, तेथील मुलगा अंतःकरणाने अडविल्यावर कोणाशी बोलेल? तो गप्प बसेल, आणि गप्प बसणे हीच पहिली तडजोड असते.

समाजाविषयी दुसरे. एखाद्या तरुणाने खोट्याचे काम सोडले, तर आपण त्याची पाठ थोपटतो आणि घरी जातो. पाठ थोपटून हप्ता भरला जात नाही. आपल्या मशिदींत, वस्तीतील संस्थांत, जकात व सदक्याच्या नियोजनात असा विचार का होऊ नये की ज्याने हलालसाठी नोकरी सोडली त्याच्या घराचा दोन-तीन महिन्यांचा खर्च आपण उचलू आणि त्याला दुसरे काम शोधून देऊ? जकातीच्या हक्कदारांत गरजू आणि कर्जबाजारी यांचा उल्लेख कुरआननेच केला आहे. अजीमतीचे व्याख्यान देणारा समाज जर ती पेलण्याचा भार एकट्या पोरावर टाकत असेल, तर त्या पोराने माघार घेतल्यावर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार समाजाला उरत नाही.

आणि तिसरी गोष्ट स्वतःविषयी. परीक्षेच्या दिवशी माणूस नवीन काही करीत नाही. जे रोज करीत आला तेच करतो. अब्दुल रऊफ यांनी रिकाम्या मैदानात, कोणी पाहत नसताना, हजारो वेळा एकच फेक घोटली होती. म्हणून भरल्या मैदानात हात थरथरला नाही. सचोटीचेही तसेच आहे. दुकानदाराने चुकून जादा दिलेले दहा रुपये परत करणे, रिक्षावाल्याशी ठरलेले भाडे मुकाट्याने देणे, रजेच्या अर्जात खरे कारण लिहिणे, या आपल्या फ्री थ्रो आहेत. समोर अडविणारा कोणी नाही. केवळ आपले मन आणि आपला रब. येथे ज्याचा नेम चुकतो, त्याने मोठ्या प्रसंगी तो लागेल अशी आशा कोणत्या आधारावर धरावी?

शेवटी एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. अशा लेखांचा शेवट सुखाचा व्हावा असे आपल्याला वाटते. अब्दुल रऊफ यांच्या बाबतीतही सांगता येईल की २०१६ नंतर अमेरिकेने त्यांना नव्याने ओळखले, आणि २०२० साली त्यांच्या युनिव्हर्सिटीने त्यांचा ३५ क्रमांकाचा पोशाख सन्मानपूर्वक निवृत्त केला. हे खरे आहे. परंतु खेळाडूच्या बहराची गेलेली वर्षे त्यांना कोणी परत दिली नाहीत, आणि सन्मान आला तेव्हा वय पन्नाशी ओलांडून गेले होते. जो अल्लाहचे भय बाळगील त्याच्यासाठी अल्लाह मार्ग काढील आणि कल्पनाही नसेल तेथून त्याला रोजी देईल, हे सूरह अत्‌-तलाकमधील वचन सत्य आहे. मात्र त्याचा अर्थ असा नव्हे की एक नोकरी सोडली की दुप्पट पगाराची दुसरी दारात उभी राहते. कधी मार्ग अरुंद असतो. कधी तो परदेशातून, परक्या संघांतून, लहान मैदानांतून जातो. रोजी मिळते, परंतु तीच नाही. आणि हिशेब पुरा होतो तो येथे नव्हे, तर ज्या दिवशी प्रत्येक साहाय्याची वही उघडली जाईल त्या दिवशी.

म्हणून सत्य हे फायद्याचे आहे असे आपल्या मुलांना शिकवू नका. फायदा दिसेनासा झाला की ते सत्य सोडतील. त्यांना शिकवा की सत्य हे देणे आहे, आणि देणे चुकते करताना कधी कधी हात रिकामे होतात. रिकाम्या हातांनीही माणूस उभा राहू शकतो, ते हात दुआसाठी उचलू शकतो.

आज रात्री दस्तरखानावर बसाल तेव्हा आपल्या कमावत्या मुलाला किंवा मुलीला एकच प्रश्न विचारा : बाळा, तुझ्या कामात असे काही आहे काय, जे करताना मन अडते? आणि उत्तर आले, तर रागावू नका, पगाराची आठवण देऊ नका. ऐकून घ्या. मग सर्वांनी मिळून मार्ग शोधा.

अल्लाह आपल्या घरांत हलाल रोजीची बरकत देवो, आपल्या तरुणांच्या पावलांना स्थैर्य देवो आणि त्यांना साथ देण्याचे बळ आपणा सर्वांना देवो. आमीन.